मोरचुदाचं पाणी

डाव्या हाताची पाचही नखं लाल करून झाली, तेव्हा कुठे सुवर्णाने श्वास सोडला. चैतालीचा हात तिच्या मांडीवर पडला होता, गार, माठाच्या बुडासारखा.

“काकू, लाल लय भडक दिसतंय. गुलाबी लाव की.”

“लालच असू दे,” सुवर्णा म्हणाली आणि तिने उजवा हात ओढून घेतला.

गुलाबी रंगाखालून नखांचा पांढरेपणा दिसला असता, हे ती बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती. पोर सतरा वर्षांची होती, बारावीत शिकत होती, आणि कालची चिठ्ठी तिनेही वाचली होती.

झोळीत बाळ चुळबुळलं. पायाच्या अंगठ्याला बांधलेली दोरी सुवर्णाने दोनदा ओढली, तसं ते पुन्हा गप्प झालं. चार महिन्यांचं पोर, पण घरातला ताण जणू त्यालाही कळत होता. सकाळपासून धड दूध पीत नव्हतं. आत स्वयंपाकघरात छायाताईंनी पुरण शिजत घातलं होतं. बाहेर ओट्यावर सासूबाई, म्हणजे ठमाबाई, मेथीच्या उरल्यासुरल्या जुड्या नजरेआड करायला सांगत होत्या. इगतपुरीचे पाहुणे अकरापर्यंत येणार होते.

काल दिवे लागायच्या वेळी आरोग्य खात्याची आशाताई, स्नेहा, आली, तेव्हा घरी सुवर्णा एकटी होती. बाकी सगळे दिवाळीच्या झेंडूत. गुरुवारी कॉलेजात रक्त तपासायचं शिबिर झालं होतं, त्याचा कागद घेऊन ती मुद्दाम चालत आली होती. एरवी ओट्यावर बसून चहा घेणारी, बाळाला खेळवणारी स्नेहा काल बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, “सुवर्णाताई, हिमोग्लोबिन बारा पाहिजे, हिचं पाच पूर्णांक चार आहे. ही चालते कशी तेच मला कळेना. उद्याच्या उद्या नाशिकला मोठ्या दवाखान्यात न्या. रक्त चढवावं लागेल. अशा पोरीचं हृदय कधी दमेल सांगता येत नाही.”

तो कागद सुवर्णाने रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांसमोर ठेवला होता. थोरले दीर महेश, चैतालीचे वडील, त्यांनी तो उलटसुलट केला आणि आईपुढे सरकवला. ठमाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्याची घडी घालून देवळीत ठेवली.

“पाहुणे येऊन जाऊ दे,” त्या म्हणाल्या. “सोमवारी न्या, मंगळवारी न्या. एक दिवसानं काय आभाळ कोसळतंय?”

सुवर्णाने पुन्हा सांगून पाहिलं. महेशचं म्हणणं पडलं की मुलगा रेल्वेत आहे, घरची भातशेती आहे, माणसं सरळ आहेत, आणि असं स्थळ दारी येतं ते नशिबाने. लग्न काय लगेच करायचं नव्हतंच. जानेवारीत पोरीला अठरा पूर्ण होतील, मग उन्हाळ्यात. पण पोरगी दवाखान्यात आहे म्हटल्यावर कोण सुपारी फोडेल? सासरे सावळीराम गेल्यापासून या घरात चांगलं असं काही घडलंच नव्हतं, आणि ती सगळी भूक आता या एका सोयरिकीवर येऊन बसली होती. छायाताई चुलीपाशी होत्या. त्यांनी भाकरी उलटली, सुलटली. झोपताना सुवर्णाने नवऱ्याला, राजला, विचारलं तर तो कुशीवर वळून म्हणाला, थोरल्याच्या लेकीच्या गोष्टीत आपण किती बोलायचं? आणि तू तर बोलूच नकोस, तुझं आधीच नाशिकच्या इंदिरानगरची मॅडम म्हणून नाव झालंय.

ते खरंच होतं. चार वर्षं झाली लग्नाला, तरी ती या घरात जरा काही वेगळं बोलली की ठमाबाई म्हणत, “आमच्या मॅडमना इचारा.” म्हणून मॅडम गप्प बसली. आणि आज सकाळी छायाताईंनी हळूच येऊन सांगितलं, “सुवर्णा, तुझ्या हाताला कळतं बाई, तू तयार कर तिला. जरा तजेला दिसू दे,” तेव्हा तिने आपला पावडरीचा डबा आणि नेलपेंट काढलं.

नखं झाली. आता गाल. बोटाच्या टोकावर लाली घेऊन ती चैतालीच्या गालावर चोळू लागली, आणि तिला आषाढातली दुपार आठवली. बाळंतपणाला दहा दिवस झालेले. अळिवाचे लाडू वळायला चैतालीला बसवलं होतं; खोबरं, गूळ, तूप, परातभर. पोर वळत होती आणि मध्येच बोट चाटायला गेली, तर ठमाबाईंनी हातावर चापट मारली. बाळंतिणीचा लाडू कुवार पोरीने खाऊ नये, अळीव उष्ण, पाळी वेळेआधी येते, अंगावरून जास्त जातं. नंतर पाणी द्यायला आली तेव्हा चैताली कुजबुजली होती, “काकू, एक देतेस? आजी मळ्यात गेलीय.” सुवर्णाने दाराकडे पाहिलं होतं आणि म्हणाली होती, “नको गं, आजींना कळलं तर तुलाही बोलतील अन् मलाही.” पोर हसून गेली होती. सुवर्णाने पुढे महिनाभर रोज दोन लाडू खाल्ले, दुधासोबत.

शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांचंही तसंच झालं होतं. शौचाला काळी होते म्हणून आजीने त्या बंद करवल्या. पोटात जे काळं करतं ते बरं असेल का, हा त्यांचा सवाल, आणि घरात त्यांच्या सवालाला उत्तर द्यायची पद्धत नव्हती. नवरात्रात तर नऊ दिवस पोरीने उपास धरला. चांगला नवरा मिळावा म्हणून. पहाटे पाचला कपभर चहावर झेंडू तोडायला जायची, आल्यावर बसून पालकाच्या, मेथीच्या जुड्या बांधायची. हिरवीगार भाजी, नाशिकच्या बाजारात पहिल्या तासात उठणारी. घरी राहायची ती पिवळी पडलेली, तीही आधी पुरुषांच्या ताटात जायची, मग आजीच्या. छायाताई आणि चैताली कढईत उरलेल्या रश्शाला भाकरी लावायच्या. हे सुवर्णाने चार वर्षं पाहिलं होतं. पहिल्या वर्षी तिला ते डाचलं, दुसऱ्या वर्षी कमी डाचलं, आणि मग तिला दिवस गेले आणि तिचं ताट वेगळं झालं.

“झालं?” चैतालीने विचारलं.

“झालं. छान दिसतेस.”

“मला नाही ना विचारणार काही?”

“काय विचारतील? स्वयंपाक येतो का, कितवीत आहेस. एवढंच.”

“उभं राहायला लावतील का?” चैताली म्हणाली. “उभं राहिलं की डोळ्यापुढं काळं येतं.”

सुवर्णाने लालीचा डबा बंद केला. झाकण नीट बसेना. तिने ते दोनदा दाबलं.

*

पाहुणे तिघं आले. मुलगा ललित, त्याचे चुलते, आणि आई लंकाबाई. बाई उंच, काळीसावळी, बोटांची पेरं चिखलात वर्षानुवर्षं राबून फुगलेली. ती आल्या आल्या खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर मांडी घालून बसली आणि पदराने वारा घेत म्हणाली, तुमच्याकडं अजून ऊन हाय, आमच्याकडं सकाळीबी भुरभुर होती. ते एकच वाक्य बोलून तिने घरातल्या सगळ्यांना जरा सैल केलं.

पोहे झाले, चहा झाला. चैताली ट्रे घेऊन आली तेव्हा सुवर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, बाळ खांद्यावर, डोळे पोरीच्या पावलांवर. ट्रे हलला नाही. ललितने मान खाली घालून कप उचलला आणि कॉलेजात कोणते विषय आहेत विचारलं. मुलगा खरंच बरा होता. सुवर्णाला वाटून गेलं, होऊ दे, आजचा दिवस निघू दे, उद्या सकाळी मी स्वतः नेते हिला. माणूस स्वतःला अशाच उद्याच्या गोष्टी सांगत असतो.

ठमाबाईंची कळी खुलली होती. पाहुणे भाताच्या मुलखातले, तर त्यांना आवडेल असं काहीतरी बोलावं म्हणून त्या म्हणाल्या, “पोरगी तुमच्याच घराला शोभंल बघा. तांदूळ म्हटलं की जीव टाकती. शिजायचीबी वाट बघत नाय. कच्चाच, मूठ मूठ भरून खाती, ड्रेसच्या खिशात घेऊन फिरती. आम्ही म्हणतो, खा बाई, तुझ्या लग्नात पाऊस पडंल.”

“आमच्या इगतपुरीत तो तसाबी थांबत नाय, आजी,” ललित म्हणाला, आणि सगळे हसले. महेश तर मांडीवर थाप मारून हसला. बऱ्याच दिवसांत तो असा हसला नव्हता. चैतालीही लाजून हसली.

लंकाबाई हसली नाही. तिने कप बशीत ठेवला.

“कधीपासनं खाती?”

“झालं की वरीसभर,” ठमाबाई अजून हसतच होत्या. “उंदीर हाय नुसती.”

लंकाबाईने चैतालीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात रोवून ती उठली. “चल गं पोरी,” ती म्हणाली, “तुमचा मळा तरी दाखव मला.”

ठमाबाईंनी सुवर्णाला डोळ्याने खुणावलं, मागे जा. बाळाला घेऊन ती चार पावलं अंतर ठेवून निघाली. घरापासून विहीर दोन शेतं पलीकडे. दोन्ही बाजूंनी झेंडू कमरेइतका, आणि पायवाट विहिरीकडे जरा चढती. एरवी बाळाला कडेवर घेऊन सुवर्णा ती वाट कधी चढली हे तिला कळतही नसे. चैताली तीन ठिकाणी थांबली. पहिल्यांदा तिने चपलेत खडा गेल्याचं सांगितलं. दुसऱ्यांदा काहीच सांगितलं नाही. तिसऱ्यांदा ती बांधावर बसली ती बसलीच, तोंड उघडं, गळ्याची शीर टकटक उडत होती, ती चार पावलांवरून दिसत होती.

लंकाबाई तिच्यापुढे उकिडवी बसली. पदराने अंगठा पुसून तिने पोरीच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. आत पांढरं फटक. मग तोच अंगठा गालावरून फिरवला. लाल डाग अंगठ्याला आला. तो तिने सुवर्णाला दाखवला.

“हे तू लावलंस?”

“हो,” सुवर्णा म्हणाली.

“म्हंजे तुला ठाऊक हाय.”

खांद्यावर बाळ जागं झालं होतं आणि तिच्या केसांची बट ओढत होतं.

लंकाबाई चैतालीशेजारी बांधावरच टेकली. आवाज खाली आणून, जणू शेतीचंच काही बोलत असावी तशी बोलू लागली. “आमची थोरली सून. तिला घरात आणली तवा अशीच व्हती, शेवग्याच्या शेंगंवानी. कोठीत तांदळाची गोणी असायची. तिला बारकं भोक पाडून खायची. आम्हीबी हसायचो. मीच म्हणायचे, माझ्या सुनंला उंदराची जात लागली.” ती थांबली. “पहिलंच बाळंतपण. टेबलावरच गेली. डाक्टर म्हणला, आजी, हिच्या अंगातनं जायला रगतच नव्हतं. पोरगं दोन दिस जगलं.”

झेंडूवर ऊन होतं, मधमाश्या होत्या. चैताली आपल्या लाल नखांकडे बघत बसली होती.

“मी मरणार का, मावशी?” तिने विचारलं.

“नाय मरत,” लंकाबाई म्हणाली. “पण आज दवाखान्यात जायाचं. आज. उद्या नाय.”

*

घरी परतल्यावर लंकाबाई बसली नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहूनच ती म्हणाली, “पोरगी गुणाची हाय. पण तिला आधी दवाखान्यात न्या, आत्ता. सोयरिकीचं पुढं बघू.” पुरणपोळीची ताटं वाढलेली होती. महेशने हात जोडून दोन घास तरी खा म्हणून आग्रह केला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नका आग्रह करू, भाऊ. घास उतरायचा नाय.” ललित मागे वळून बघत गेला. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा पुरणावरची माशी हाकलायलाही कुणी उठलं नाही.

पुढं बघू म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होतं.

ठमाबाईंचा पहिला हात चैतालीवर पडला. मारला नाही, पण दंड धरून त्यांनी तिला गदगदा हलवलं. “मुद्दाम बसलीस तू बांधावर. तुला शिकायचंय, लगीन नाय करायचं. तूच बोललीस त्या बाईला, मला पाच हाय न् चार हाय.”

“मी नाय बोलले, आजी.”

“मग तिला काय सपान पडलं?”

महेश उठून आला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तो लेकीवर हात उचलणारा बाप नव्हता. पण आज तो काय करेल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. सुवर्णाने बाळाला सतरंजीवर ठेवलं.

लंकाबाईला कुणी सांगितलं, हे या खोलीत फक्त सुवर्णाला आणि चैतालीला ठाऊक होतं. सांगितलं होतं ते ठमाबाईंनी. सगळ्यांसमोर, हसत हसत, तांदळाच्या मुठीसकट. पण तसं म्हटलं असतं तर त्यावर कुणाचा विश्वास बसला नसता, आणि बसला असता तर म्हातारी त्याखाली मोडली असती. सुवर्णाला एवढा विचार करायला वेळ मिळाला असंही नाही. तिला फक्त तो दंड दिसत होता, त्यावर उमटलेली चार बोटं.

“मी सांगितलं,” ती म्हणाली.

राजने मान वर केली. “सुवर्णा.”

“मळ्यात सांगितलं. सगळं. चिठ्ठीचंही.”

जे काल करायला हवं होतं, आज सकाळी करायला हवं होतं आणि जे तिच्याने झालं नव्हतं, ते आता तिच्या नावावर लागलं. ठमाबाईंनी दंड सोडला. मग त्या जे बोलल्या ते सगळं गाव ऐकेल एवढ्या मोठ्याने बोलल्या. शहरातून आणलेल्या सुनेविषयी, तिच्या पावलांविषयी, आणि दुसऱ्याच्या लेकराचं वाटोळं करून स्वतःचं लेकरू पाजणाऱ्या बाईविषयी. सुवर्णा ऐकत राहिली. त्यातलं शेवटचं तिला खोटं वाटलं नाही.

महेशने सुवर्णाशी कधी थेट बोलायची पद्धत नव्हती. तो राजला म्हणाला, “तुझ्या बायकोनं माझं घर बुडवलं. आता न्या दवाखान्यात, नायतर ठेवा घरात. जे जायचं ते गेलं. घाई कशाची?”

आणि नेमकं तेव्हा छायाताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला पुरण लागलेलं. एकोणीस वर्षांत ज्या बाईचा आवाज या माजघरात कुणी नीट ऐकला नव्हता, तिने नवऱ्याकडे न बघता दिराला सांगितलं, “भाऊजी, पिकअप काढा.”

“वहिनी, दादा काय म्हणतो ते...”

“मागचे कॅरेट उतरवा, खाली पोतं टाका. तिला बसवत नाय. निजून न्यायची.” मग त्या ठमाबाईंकडे वळल्या. आवाज चढला नाही. “आत्याबाई, मला दोन्ही खेपंला वाटलं, पोटात पोरगीच असली तर बरं, म्हंजे कामाला हात व्हतील. एकच झाली. तिचे हात बघा.”

राजने किल्ली घेतली. महेश खांबाला टेकून उभा राहिला तो तसाच. चैतालीला उचलून ठेवताना ठमाबाई आत गेल्या, असं सगळ्यांना वाटलं. पण गाडी सुरू झाली तेव्हा त्या नऊवारीचा ओचा खोचत आल्या आणि कुणाशी न बोलता राजशेजारी पुढे चढल्या. लोक काय म्हणतील, आजी असून गेली नाही, यासाठी की आणखी कशासाठी, हे सुवर्णाला उमगलं नाही. ती बाळाला घेऊन मागे, पोत्यावर, चैतालीचं डोकं छायाताईंच्या मांडीवर. कॅरेटांमधली झेंडूची चिकटलेली पाकळी पोरीच्या कपाळाला लागली होती. ती काढायचंही कुणाला सुचलं नाही.

*

दवाखान्यात नर्सने पहिलं काम केलं ते स्पिरिटचा बोळा घेऊन एका बोटाचं नख पुसायचं. बोटाला चिमटा लावला तर लाल रंगातून यंत्राला काही दिसेना. “कुणी लावलं हे आजच?” ती पुटपुटली. सुवर्णा बाळाच्या टोपीची नाडी बांधत राहिली.

डॉक्टर मुलगी होती, पंचविशीतली, डोळ्याखाली झोप साचलेली. तिने पापणी पाहिली, जीभ पाहिली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. पाळी किती दिवस असते विचारलं. छायाताई म्हणाल्या, आठ, नऊ. आम्हाला वाटलं साफ होतंय. मग डॉक्टरने लिहिता लिहिताच विचारलं, “माती खाते का? खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ?”

छायाताईंनी ठमाबाईंकडे पाहिलं.

“खाते का?”

“तांदूळ,” चैताली कॉटवरून म्हणाली.

“हं. रक्त अगदीच कमी झालं की तशी तल्लफ येते. ज्यानं एकदा बघितलंय, त्याला ऐकूनच ओळखता येतं.”

ठमाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरकडे पाहिलं, मग नातीकडे, आणि मग सावकाश सुवर्णाकडे. सकाळी आपणच काय बोललो, कुणासमोर बोललो, आणि कुणी ते आपल्या अंगावर घेतलं, हे एकामागून एक त्यांच्या तोंडावरून सरकत गेलेलं सुवर्णाने पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

दोन पिशव्या चढवायच्या होत्या. पेढीत होत्या, घरच्यांनी बदल्यात दिल्या तर बरं, असं डॉक्टर म्हणाली. तोवर महेश मोटारसायकलवर येऊन पोचला होता. तो दारातच थांबला. लेकीच्या हाताला सुई लावत होते, शीर सापडत नव्हती.

रक्तपेढी खालच्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला. तिथल्या माणसाने सुवर्णाला बाळासकट पाहिलं आणि न तपासताच नाही म्हटलं. अंगावर पाजणाऱ्या बाईचं घेत नाहीत. तेव्हा ठमाबाई पुढे झाल्या.

“माझं घ्या.”

“वय?”

“साठ असंल.”

“आजी, तुम्ही राहू द्या.”

“माझ्यामुळं झालंय,” ठमाबाई म्हणाल्या. “माझं घ्या.”

टेबलावर काचेच्या ग्लासात निळं पाणी होतं, गर्द निळ्या रंगाचं. महेशने ते लगेच ओळखलं. वडील सावळीराम असताना घरची द्राक्षबाग होती आणि फवारणीसाठी हे पाणी त्याने पिंपांनी कालवलं होतं. “मोरचूद?” त्याने विचारलं. तो माणूस म्हणाला, हो, मोरचूदच. रक्तात दम असला की थेंब बुडतो. नसला की तरंगतो. सोपं आहे.

ठमाबाईंच्या बोटाला सुई टोचली. थेंब निळ्यात पडला, अर्ध्यापर्यंत खाली गेला, थबकला, आणि सावकाश वर येऊन थांबला.

“नाही घेता येणार, आजी. हलकं आहे.”

“हलकं म्हंजे? परत टाका.”

त्याने दुसरा थेंब टाकला. तोही वर आला. ठमाबाई ग्लासात वाकून बघत राहिल्या. मग छायाताईंनी त्यांना हलकेच बाजूला केलं आणि आपला हात पुढे केला. त्यांचा थेंब अर्ध्यापर्यंतही गेला नाही. पाण्यावर पडला आणि तिथेच राहिला, लहानशा लाल कुंकवासारखा.

“ताई, तुम्ही स्वतः आधी तपासून घ्या,” तो माणूस म्हणाला. “तुमचंच कमी आहे.”

मग राजचा थेंब पडला, आणि खडा टाकावा तसा तळाला गेला. मग महेशचा. तोही सरळ खाली, तळाला टेकून बसला. त्या माणसाने मान हलवली आणि कॉटकडे बोट दाखवलं. महेश जागचा हलला नाही. ग्लासात वर तीन थेंब होते, त्याच्या आईचे आणि त्याच्या बायकोचे, आणि खाली दोन, भावाचा आणि त्याचा. एकाच चुलीवरचं खाणारी माणसं. बागेत एखाद्या वेलीचं पान पिवळं पडलं तर त्याला बांधावरून कळायचं की हिला काय कमी आहे.

“साहेब, झोपा,” तो माणूस म्हणाला.

राज रक्त देऊन, चहा-बिस्किटं घेऊन वर चैतालीपाशी गेला; महेशची पिशवी भरायलाही फार वेळ लागला नाही. सुवर्णा बाकावर बाळाला पाजत बसली होती, शेजारी ठमाबाई, पलीकडे छायाताई. वरून निरोप आला की पहिली पिशवी लागली आहे, अजून ताप नाही, रात्रभर बघावं लागेल, छातीचं उद्या कळेल. छायाताईंनी तो निरोप दोनदा विचारून घेतला.

महेश बाहेर आला तो कोपराच्या घडीत कापूस दाबून. पाठोपाठ एक बाई बशीत बिस्किटं आणि चहा घेऊन आली आणि त्याला म्हणाली, खा लगेच, चक्कर येते. त्याने उभ्यानेच एक बिस्किट तोंडात टाकलं, दुसरं चहात बुडवलं, चहा अर्धा केला. पुरुष खातो तसं त्याने खाल्लं, इकडेतिकडे न बघता. चार बिस्किटं संपली, तेव्हा त्याची नजर बाकावर गेली. तिथे तीन बायका बसल्या होत्या. पहाटे चारपासून त्यांच्यातल्या कुणाच्या पोटात काही गेलं नव्हतं. पुरणपोळ्या घरी ताटात तशाच होत्या.

महेशने बशी बघितली. एक बिस्किट उरलं होतं. तो पुढे आला, बायकोसमोर उभा राहिला आणि बशी तिच्यापुढे धरली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. हे त्याने याआधी कधी केलेलं नव्हतं, आणि कसं करायचं हे त्याला नीट माहीत नव्हतं.

छायाताईंनी बशीकडे पाहिलं. त्यांचा हात थोडासा उचलला गेला आणि मांडीवर परत आला.

“तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या. “मी मागून खाते.”

सुवर्णाने मान फिरवली. त्या लांब व्हरांड्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, छायाताईंच्या आधी जेवायचा राहिलेला पुरुष आता एकही नव्हता.